कडुनिंबावरची वेल

आमच्या मळ्यात विहिरीच्या बांधावर एक कडुनिंब आहे. त्याच्यावर वीसेक वर्षांहून जास्त काळ एक द्राक्षाची वेल चढलेली आहे. तिला आजवर एक मणी लागलेला नाही. तासगाव तालुक्यात माणूस घड मोजून कर्ज काढतो. तिथं अशी वेल जपून ठेवणं म्हणजे शहाण्याचं लक्षण नव्हे. येणारे-जाणारे हटकून विचारतात, "ही कशाला ठेवलीया?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरं कारण मोठं आहे, आणि ते सांगायचं तर आमच्या घरातली एक गोष्ट आणि द्राक्षाची दहा-अकरा हजार वर्षांची गोष्ट एकात एक गुंतवूनच सांगावी लागते.

आमची जुनी बाग स्वतःच्या मुळावरची होती. म्हणजे काडी लावली, ती फुटली, तिचाच वेल झाला. पण पाणी मचूळ होत गेलं, जमीन खारवली, पानांच्या कडा करपायला लागल्या. तोपर्यंत सगळीकडं जंगली खुंटावर कलम करायची चाल पडली होती. २००० साली आम्हीही जुनी बाग काढली आणि खुंट लावले. बहुतेक सगळे डॉगरीज आणि बघू तरी म्हणून एक ओळ ११० आर या खुंटाची. पावसाळा सरता सरता कलमवाले आले, पाचर कलमं बांधून गेले. काही फसली, ती पुन्हा बांधली. विहिरीकडच्या टोकाचं ११० आरचं एक झाड मात्र राहून गेलं. २००३ च्या दुष्काळात टँकरनं पाणी घालून बाग जगवायची धडपड चालली होती, तेव्हा त्या राहिलेल्या खुंटाकडं बघायला कुणाला सवड होती? त्यानं आपली आपण वाट काढली आणि कडुनिंब गाठला.

दोन वर्षांनी ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मी करवत घेऊन त्या वेलीकडं निघालो. झाडाखाली माझी धाकटी चुलती शेंगा फोडत बसली होती. आम्ही सगळी तिला काकीच म्हणायचो. मी म्हणालो, "काकी, जरा सरक. ही वांझ वेल काढून टाकतो. उगं बांधाचं पाणी खातीया."

बोललो आणि जीभ चावली.

काकी १९६३ साली आमच्या घरात आली. नऊ वर्षं झाली तरी मूल नाही म्हणून १९७२ च्या दुष्काळात, घरात खायची मारामार असताना, चुलत्यानं दुसरं लग्न केलं. आजीनंच ते जमवलं होतं. दुसरीलाही मूल झालं नाही. तरी चुलत्याला कुणी एक शब्द बोललं नाही. तो शब्द दोघींनी मिळून वाटून घेतला. सुवासिनींची ओटी भरायची वेळ आली की काकी आपण होऊन चुलीपाशी जाऊन बसायची. आम्हा पाच भावंडांना न्हाऊमाखू घातलं ते तिनं. शाळेचा डबा तिचा, तापात उशाला बसलेली ती. आणि तिच्यासमोर मी, पन्नाशीला आलेला, कृषीची पदवी घेतलेला माणूस, तो शब्द वेलीला का होईना वापरून मोकळा झालो होतो.

काकीनं मान वर केली नाही. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "फुलल्याली बघितलीस का ही कधी, बापू? गेल्या साली मार्गशीर्षात निस्ता वास सुटला हुता. वांझ असती तर फुलली असती व्हय?"

मी करवत खाली ठेवली. त्या वर्षी वेलीची नुसती छाटणी केली आणि फुलोऱ्याची वाट बघत राहिलो.

आम्हा बागायतदारांच्या खिशात भिंग असतंच, फुलकिडे आणि कोळी बघायला. चाळीसेक दिवसांनी फुलोरा आला तेव्हा तेच भिंग लावून बघितलं. आधी बागेतलं थॉम्पसनचं फूल घेतलं. द्राक्षाचं फूल म्हणजे मोहरीएवढा हिरवा दाणा. त्याला पाकळ्यांची टोपी असते. टोपी पडली की मधोमध सुरईसारखा स्त्रीकेसर दिसतो आणि त्याच्याभोवती पाच पुंकेसर उभे असतात. म्हणजे एकाच फुलात दोन्ही. मग कडुनिंबावरचं फूल घेतलं. पाच पुंकेसर तसेच, उलट जास्त लांब आणि ताठ. पण मधे सुरई नव्हती. तिथं नुसता एक ठिपका होता. दहा फुलं बघितली, वीस बघितली, सगळी तशीच.

मी काकीकडं गेलो. म्हणालो, "काकी, वांझ न्हाई ही. नर हाय."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे गडी हाय. आन् नाव ठिवलं बाईचं."

ती हसली, मीही हसलो. पण तिच्या त्या वाक्यानं मला पुढची कितीतरी वर्षं वाचायला लावलं.

द्राक्षात नर आणि मादी वेगळी असते हे आपल्याकडच्या बागायतदाराला सहसा माहीत नसतं, कारण त्याच्या बागेत ती कधी दिसतच नाही. आपण लावतो त्या जवळजवळ सगळ्या वाणांच्या फुलात दोन्ही इंद्रियं असतात. मूळची रानवेल मात्र तशी नाही. स्पेनपासून कॉकेशसच्या डोंगरांपलीकडं मध्य आशियापर्यंत नदीकाठच्या रानात, ओक-एल्मच्या झाडांवर चढणारी रानद्राक्षं आहेत. ऱ्हाईन आणि डॅन्यूबच्या काठी ती आजही थोडीफार शिल्लक आहेत. आपल्या सगळ्या खायच्या द्राक्षांचं मूळ ते. त्या रानात एक वेल नर आणि दुसरी मादी. नराला फुलं येतात, वास येतो, पराग उडतो, फळ येत नाही. मादीला फळ येतं, पण तिचे पुंकेसर मागं वळलेले, लुळे असतात. त्यात पराग असतो, पण त्याच्या कवचाला फुटायचं दार नसतं. म्हणून तो रुजत नाही. अमेरिकेतल्या आणि चीनकडच्या रानद्राक्षांचीही हीच रीत. जगातल्या फुलझाडांत शंभरात पाच-सहा जातीच अशा, घरं वेगळी मांडणाऱ्या. पपई, खजूर, तुती आपल्या ओळखीची आहेतच.

आता त्या काळच्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या झोपडीजवळ दहा वेली आहेत. पाचांना फळ येतं, पाचांना येत नाही. तो काय करील? जे मी करायला निघालो होतो तेच. बिनफळाच्या पाच तोडून टाकील. पुढच्या साली उरलेल्या पाचांनाही फळ धरणार नाही, कारण पराग देणारा गेला. जुन्या पपईवाल्यांना हे पक्कं ठाऊक असायचं. नर झाडं दिसली की उपटायची, पण शंभरात पाच-दहा राखायची. ज्यानं सगळीच उपटली तो हात चोळत बसला. पुरुषाचा दोष आणि बाईला बोल, तसं ते व्हायचं. मादी झाडं रिकामी उभी राहायची आणि शेजारी म्हणायचा, रोपंच वांझ निघाली.

पण रानात कधीमधी एखादी वेगळी वेल निघते. तिच्या फुलात सुरईही असते आणि उभे पुंकेसरही. ती एकटी लावली तरी फळते. नर तोडले गेले तरी तिचं काही अडत नाही. माणसाच्या हातात पडल्यावर अशाच वेली पुढं वाढत गेल्या. कुणी ठरवून निवडल्या असं म्हणायचीही गरज नाही. जी एकटी फळते तिचीच काडी माणूस पुढं नेतो.

हे कधी घडलं, याचा शोध पुष्कळ लोकांनी घेतला आहे. उकिरड्यांत आणि थडग्यांत सापडलेल्या बियांवरून एक अंदाज बांधतात. रानद्राक्षाची बी गोल, आखूड चोचीची, तर लावलेल्या द्राक्षाची लांबट, पेरूच्या आकाराची. जॉर्जियात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांत द्राक्षाच्या दारूचे अंश सापडले. आर्मेनियात अरेनी गावाजवळच्या गुहेत सहा हजार वर्षांपूर्वीचा द्राक्षं तुडवायचा हौद निघाला. २०२३ साली बऱ्याच देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास वेलींची जनुकं वाचली. त्यांच्या मते सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी, दोन ठिकाणी, एकदा पश्चिम आशियात आणि एकदा कॉकेशसकडं, रानवेल माणसाळली.

माझी पुतणी पुण्यात जीवतंत्रज्ञान शिकली. तिनं मला नर-मादीच्या जनुकांचा हिशेब समजावून दिला. मी तो सातबाऱ्याच्या भाषेत मांडतो, कारण मला तसाच कळला. द्राक्षाच्या पेशीत गुणसूत्रांच्या एकोणीस जोड्या. सगळा मजकूर मोजला तर पन्नास कोटींच्या आसपास अक्षरं. त्यातल्या दुसऱ्या गुणसूत्रावर दीड लाख अक्षरांची एक पट्टी आहे. वेल नर की मादी हे त्या पट्टीत लिहिलेलं असतं. प्रत्येक वेलीकडं त्या पट्टीचे दोन उतारे, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. मादीचे दोन्ही उतारे मादीचेच. नराचा एक उतारा नराचा, दुसरा मादीचा. नराचा उतारा मादीच्या उताऱ्यावर हुकूम चालवतो, म्हणून वेल नर होते.

त्या उताऱ्यात दोन नोंदी महत्त्वाच्या. एक परागाची. मादीच्या उताऱ्यात या जनुकाची आठ अक्षरं गळालेली आहेत. परागाला दार न फुटायचं कारण ते असावं असं दिसतं. दुसरी नोंद फुलातली सुरई वाढू द्यायची की दाबायची याची. नराचा उतारा ती दाबतो. म्हणजे नरात सुरई मुळात नसते असं नाही, ती वाढू दिली जात नाही.

मग बागेतल्या वेलीकडं कुठला उतारा आहे? २०२० आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत याचं उत्तर आलं. तिचा उतारा जोडपट्टीचा आहे. फार पूर्वी कधीतरी नराच्या उताऱ्याची आणि मादीच्या उताऱ्याची आपसात फेरफार झाली. परागाची चांगली नोंद नराकडची आली आणि सुरई वाढू देणारी नोंद मादीकडची. एकाच कागदावर दोन्ही आल्या. तो कागद ज्या वेलीकडं गेला तिच्या फुलात दोन्ही इंद्रियं आली.

मला यातली एक गोष्ट फार लागली. रानात नर आणि मादीचे हे दोन उतारे इतके जुने आहेत की युरोपची, अमेरिकेची, आशियाची द्राक्षं एकमेकांपासून वेगळी होण्याआधीपासून ते चालत आलेत. रानात नराच्या उताऱ्याची रूपंही बरीच. पण जगभरातल्या हजारो लागवडीच्या वाणांतला जोडपट्टीचा उतारा तपासला तर तो एक-दोन मूळ रूपांपाशीच येऊन थांबतो. म्हणजे सोलापूरची बाग घ्या, फ्रान्सची घ्या नाहीतर कॅलिफोर्नियाची. फळ धरायची त्यांची कला एक-दोन वेलींकडून आली. आणि त्या वेलींना ती मिळाली त्यात अर्धा वाटा एका नर वेलीचा होता. तिच्याखाली उभं राहूनही कुणीतरी म्हटलंच असेल, काय उपयोग हिचा?

जुनी रीत पुरती गेली असंही नाही. इटलीतली लांब्रुस्को दि सोर्बारा आणि मध्य आशियातली निमरंग ही लागवडीची जुनी वाणं आहेत, पण त्यांची फुलं आजही मादीच. शेजारी दुसऱ्या वाणाची ओळ नसेल तर ती नीट फळत नाहीत. तिकडचे शेतकरी ती ओळ लावतात. कोण कुणामुळं फळतं हे त्यांना माहीत असतं.

पुढं माणसानं आणखी एक गोष्ट केली. बी लावायचं सोडलं आणि काडी लावायला लागला. त्याला कारण होतं. दोन्ही इंद्रियांच्या वेलीची बी लावली तर तिच्यातून कधी मादी निघते, फळाची चव तर हमखास बदलते. काडीत तो धोका नाही. फ्रान्समध्ये ओर्लेआँ गावी नऊशे वर्षांपूर्वीची एक बी सापडली. तिची जनुकं आज तिकडं पिकणाऱ्या साव्हान्याँ ब्लाँ या वाणाशी तंतोतंत जुळली. म्हणजे नऊशे वर्षं एकच वेल काडी-काडीनं चालत आली. ती मेलीच नाही.

आपल्या दख्खनातलं द्राक्षही काडीनंच आलं. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा त्यानं तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वाखाणली, ती वर्षातून दोनदा येतात असं लिहून ठेवलं. आपल्याकडं थंडीत वेल झोपत नाही, म्हणून आपण तिला वर्षातून दोनदा छाटतो. दोन बहरांचं त्याला नवल वाटलं ते त्यामुळंच. नंतर नाशिक-दौलताबादकडं पांगाऱ्याच्या खुंटावर वेली चढवायचे. भोकरी, फकडी, हबशी, पांढरी साहेबी ही त्या वाणांची नावं. माझ्या वडिलांच्या तोंडी भोकरी असायची. पुण्याला गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी पांढऱ्या साहेबीच्या बिया लावून त्यातून नवं वाण निवडलं, ते चीमा साहेबी. आपल्याकडं बीपासून, म्हणजे नर-मादीच्या संयोगातून, नवं काही काढायचा तो मोठा प्रयत्न.

पण १९६० च्या सुमारास थॉम्पसन सीडलेस आली आणि बाकीची नावं मागं पडली. थॉम्पसनच्या मण्यात बी धरते, पण धरून लगेच जिरते. आम्हाला तेच हवं होतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसनच्या बागेत एक वेगळी फुटलेली काडी ओळखली आणि तास-ए-गणेश हे वाण पुढं आलं. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका काढली. शेतकऱ्याची नजर काय असते याची ही दोन उदाहरणं. आमचं घर त्या नजरेवर उभं राहिलं, मुलांची शिक्षणं झाली. तरी हिशेब करायचा तर ती सगळी एकाच वेलीची रूपं. आमच्या पंचक्रोशीतल्या बागा म्हणजे एकाच वेलीच्या काड्या, मैलोन्मैल.

त्याची किंमत आम्ही २००९ साली मोजली. नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस आला तेव्हा बाग फुलोऱ्यात होती. डावणीनं तीन दिवसांत घड तपकिरी केले. आमचे बारा आणे घड गेले, शेजाऱ्याचे सोळा आणे. डावणी मूळची अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकात ती युरोपात आली. तिच्याशी झगडायचं बळ अमेरिकेच्या रानवेलींत आहे, कारण हजारो वर्षं त्या तिच्यासोबत राहिल्या, नर-मादीच्या संयोगातून दर पिढीला नवी पोरं काढत राहिल्या, त्यातली टिकाऊ उरली. आपल्या वेलीनं ते सोडून दिलं. काडीला नवं काही शिकता येत नाही. त्या रात्री मी बागेत बॅटरी घेऊन फिरत होतो आणि कडुनिंबावरची वेल हिरवीगार होती.

खरं म्हणजे आपली बाग त्या रानवेलींवरच उभी आहे, नुसतं बोलण्यात नव्हे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेली फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड फ्रान्सभर पसरली आणि तिकडच्या बागा वाळून गेल्या. १८६८ साली प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी ती कीड मुळांवर शोधून काढली. उपाय निघाला तो अमेरिकेच्या रानवेलींच्या मुळावर युरोपची काडी बांधायचा. चुनखडीच्या जमिनीत टिकणारी मुळं हवी होती. ती शोधायला १८८७ साली व्हियाला हा फ्रेंच शास्त्रज्ञ अमेरिकेला गेला. टेक्सासातला टी. व्ही. मन्सन हा माणूस घोड्यावरून, रेल्वेनं हिंडून रानद्राक्षं गोळा करायचा. त्यानं वाट दाखवली. फ्रेंच सरकारनं १८८८ साली त्याचा सन्मान केला. आपला डॉगरीज हा टेक्सासच्या रानातला. माझ्या बांधावरचा ११० आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या दोन अमेरिकन रानजातींचा संकर. आपल्याकडं तो किडीसाठी नव्हे, तर खारं पाणी आणि दुष्काळ सोसायला आला. त्याचं फूल नर असतं हे खुंटांच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. रिपारिया ग्लुआर आणि रुपेस्ट्रिस द्यु लो हे जुने नावाजलेले खुंटही नरच. युरोपातल्या किती बागांचं ओझं या बिनफळाच्या वेलींनी मुळावर घेतलं, त्याला गणती नाही.

आता शेवटची गोष्ट. पुतणीनं २०१२ साली मला एक जुनी हकीकत सांगितली. १९६६ साली कॅलिफोर्नियात नेगी आणि ओल्मो या दोन शास्त्रज्ञांनी एका नर द्राक्षवेलीच्या कोवळ्या फुलोऱ्यावर सायटोकायनिन जातीचं औषध लावलं. त्या फुलांत सुरई वाढली आणि नर वेलीला द्राक्षं लागली. मी थक्क झालो, कारण त्याच कुळातलं सहा-बीए आम्ही एप्रिल छाटणीनंतर काडीत घड चांगला धरावा म्हणून फवारतो. म्हणजे कपाटात बाटली होती. नरात सुरई दाबलेली असते, नसते असं नाही, हे जनुकं वाचायच्या चोपन्न वर्षं आधी त्यांनी करून दाखवलं होतं.

मी ती हकीकत तशीच उठून काकीला सांगायला गेलो. ती तेव्हा सत्तरीच्या आसपास होती, डोळ्यानं कमी दिसायचं. चुलता जाऊन चार वर्षं झाली होती. धाकट्या काकी तिच्या शेजारी वाती वळत बसल्या होत्या. दोघी एका खोलीत राहायच्या, कधी भांडल्याचं मला आठवत नाही. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे नुस्तं औषध मारायचं, आन् गड्याला फळ?"

"हां."

"आन् हे सापडलं कवा?"

"सहासष्ट साली."

तिनं मनात हिशेब केला. मग सवतीच्या मांडीवर हात मारून म्हणाली, "ऐकलंस का गं? भात्तरच्या सालाआधीच निघालं हुतं औषध. आपल्या धन्यावर एक पंप मारला असता तर तू वाचली असतीस."

दोघी इतक्या हसल्या की धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता ते दुसऱ्याच कारणानं येतंय हे मला दिसलं, आणि मी उठून बाहेर आलो. चाळीस वर्षांत त्या घरात या विषयावर कुणी मोठ्यानं बोललं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

काकी २०१६ साली गेली. तिच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. मी कडुनिंबावरची वेल तोडली नाही, औषध मारूनही बघितली नाही. दर ऑक्टोबरात तिची छाटणी करतो, दर मार्गशीर्षात ती फुलते आणि विहिरीपर्यंत वास येतो. छाटलेल्या काड्या मात्र टाकत नाही. चार डोळ्यांची एकेक काडी करून ओल्या गोणपाटात बांधून ठेवतो. भावकीतली माणसं येतात आणि खुंटासाठी घेऊन जातात. त्या काड्यांवर आज आमच्या शिवारात तीन बागा उभ्या आहेत.